तीन कोटेशनं आणि एक एसी

दत्तोपंत दैठणकरांनी आयुष्यात एकही वस्तू तीन कोटेशनांशिवाय घेतली नव्हती. चौतीस वर्षं परभणीतल्या एका सरकारी कार्यालयाच्या भांडार शाखेत काढलेला माणूस. टाचण्यांच्या डब्यापासून पोलादी कपाटापर्यंत जे काही त्या कार्यालयात आलं, ते तीन बंद लिफाफे, त्यांचा तुलनात्मक तक्ता आणि तक्त्याखाली दैठणकरांची सही, या वाटेनंच आलं. लेखापरीक्षक दरवर्षी यायचे, चहा प्यायचे आणि काही सापडलं नाही म्हणून तोंड पाडून जायचे. निवृत्तीनंतर कार्यालय सुटलं, तक्ता सुटला नाही. घरातला मिक्सर, गॅसची शेगडी, अगदी देवघरातली समई, प्रत्येक वस्तूमागे एक फाइल होती. लग्नाच्या वेळीसुद्धा आपल्या वडिलांनी तीन स्थळं पाहून तिन्हींचे गुणदोष एका कागदावर मांडले होते, हे दत्तोपंत अभिमानानं सांगत. कावेरीबाई त्यावर एवढंच म्हणत, की बाकीच्या दोघी सुटल्या.

तर होळी झाली आणि कावेरीबाईंच्या पायांवर सूज आली. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, रक्त ढकलायची ताकद निम्म्यावर आलीय. त्यांनी लघवीच्या गोळ्या दिल्या, पाणी मोजून प्यायला सांगितलं आणि चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, की परभणीचा उन्हाळा यांना झेपायचा नाही. कूलरच्या दमट हवेनं दम वाढेल. एका खोलीत एसी लावून घ्या, आणि लवकर लावा. 'लवकर' हा शब्द दत्तोपंतांना नवा नव्हता. भांडार शाखेत येणाऱ्या प्रत्येक मागणीपत्रावर 'तातडीचे' असा शिक्का असायचा आणि तातडीच्या कागदाला साधारण तीन महिने लागायचे.

या माणसाचं बायकोवर प्रेम नव्हतं, असं मात्र कुणी म्हणू नये. दिवसाचं पाणी ते स्वतः मापानं भरून ठेवत, गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लावून ठेवल्या होत्या, आणि कुणी बघत नाही असं पाहून तिचे सुजलेले पाय चेपून देत. खरं म्हणजे घोळ झाला तो या प्रेमापायीच. स्वतःसाठी घ्यायची वस्तू असती तर दोन कोटेशनांवर भागवलं असतं. कावेरीसाठी घ्यायची वस्तू चुकून चालणार नव्हती.

दुसऱ्याच दिवशी ते स्टेशन रोडवर चंद्रभान शेठच्या दुकानात हजर झाले. शेठनं समोरचा एक एसी दाखवून पाच स्टारचा आहे, डोळे मिटून घ्या, असं सांगितलं. दत्तोपंतांनी खिशातून चष्मा काढला आणि डोळे उघडून लेबल वाचायला सुरुवात केली. वरची चित्रं, मधले आकडे, खालचा बारीक मजकूर, सगळं वाचायला त्यांना पाऊण तास लागला. गिऱ्हाईक लेबल वाचतं, हे शेठ पंचवीस वर्षांत पहिल्यांदा पाहत होता.

वाचून झाल्यावर प्रश्न सुरू झाले. ताऱ्यांच्या खाली एक आकडा होता. एका युनिट विजेत यंत्र वर्षभरात सरासरी किती गारवा देतं, त्याचा तो आकडा, हे त्यांनी मुलीला, प्राचीला, पुण्याला फोन करून समजून घेतलं. वर्षाची युनिटं लिहिली होती, ती सोळाशे तासांच्या वापराची. हे सोळाशे तास कोणी ठरवले, असं त्यांनी शेठला विचारलं. शेठ म्हणाला, कंपनीनं. दत्तोपंत म्हणाले, सरकारनं. शेठनं लगेच मान्य केलं. आणखी खोलात गेल्यावर कळलं, की हा सगळा हिशेब चोवीस अंशांपासून त्रेचाळीस अंशांपर्यंतची हवा धरून केलेला असतो. त्रेचाळीस अंशांवर हिशेब बंद होतो आणि परभणीचा मे महिना तिथून पुढे सुरू होतो. उरलेल्या दोन-तीन अंशांत या ताऱ्यांचं काय होतं, अशी लेखी विचारणा दत्तोपंतांनी दिल्लीच्या संबंधित कार्यालयाकडे रजिस्टर पोस्टानं केली आणि पोचपावती फाइलला लावली.

खरी मेख पुढेच होती. लेबलवर मुदत असते. तारे देण्याचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, म्हणून कालचा पाच स्टारवाला आज चार स्टारमध्ये बसतो. शेठकडे जुन्या मुदतीचा पाच स्टार आणि नव्या मुदतीचा चार स्टार असे दोन एसी शेजारी शेजारी उभे होते, आणि दोघांचा आकडा जवळपास एकच. शेठ म्हणाला, मग जुना घ्या, एक तारा जास्तीचा मिळतोय. दत्तोपंतांनी त्याच्याकडे लाच देऊ पाहणाऱ्या गुत्तेदाराकडे बघावं तसं बघितलं. मुदत संपलेलं प्रमाणपत्र जोडलेली वस्तू त्यांनी कार्यालयात कधी घेतली नव्हती, आता घरात घेणार होते का? त्यांनी शेठला नव्या मुदतीच्या पाच स्टारचं, दीड टनाचं लेखी कोटेशन मागितलं, शिक्क्यासह, बंद लिफाफ्यात. शेठनं ते एका बिलाच्या पाठीमागे लिहून दिलं. ते परत करण्यात आलं. शिक्क्याचं दुसरं आठवड्यानं आलं, आणि तशीच मागणी आणखी दोन दुकानांकडे गेली.

एव्हाना एप्रिल उजाडला होता आणि गल्लीभर बातमी झाली होती. परभणीत माणूस आजारी पडला तर दोघं येतात, पण वस्तू घ्यायला निघाला तर वीस जण येतात. कोपऱ्यावरच्या गुरुजींचं मत पडलं, की एसीनं हाडं धरतात. इन्व्हर्टर एसी लाइट गेली तरी चालतो, असं छातीठोकपणे सांगणारे तिघं निघाले आणि तिघांकडेही एसी नव्हता. शेजारचा बालाजी, ज्याचं बियाणं-खतांचं दुकान होतं, तो ओट्यावर येऊन बसला, तक्ता उलटा धरून त्यानं पाहिला आणि परत दिला.

"काका, तारे काय मोजायलाव? रूम गार होती का न्हाई तेवढं बघा की."

दत्तोपंतांनी त्याला तारे आणि टन यांतला फरक समजावून सांगितला. लहान यंत्राचे पाच तारे आणि मोठ्या यंत्राचे तीन तारे यांची तुलना कशी फसवी असते, गच्चीखालच्या तापणाऱ्या खोलीला मोठंच यंत्र का लागतं, हेही सांगितलं. बालाजी भला माणूस, त्यानं पुरतं ऐकून घेतलं. आत पलंगावर कावेरीबाई पंख्याखाली उशीला टेकून बसल्या होत्या, कारण आडवं झालं की त्यांना दम लागायचा.

मग घोडं विजेच्या कार्यालयात अडलं. घराचा मंजूर भार एसीला पुरणारा नव्हता. गल्लीत आठ एसी चालत होते आणि एकानंही भार वाढवून घेतला नव्हता, पण दैठणकरांना ते शोभलं नसतं. त्यांनी अर्ज केला. अर्जाला परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो, आणि ठेकेदार भाच्याच्या लग्नाला सेलूला गेला होता. तो आला तेव्हा कळलं, की घरपट्टीची पावती अजून वडिलांच्या नावावर आहे. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज परत केला. दुसरा कुणी असता तर भांडला असता. दत्तोपंत घरी येऊन कावेरीबाईंना कौतुकानं सांगत राहिले, की असा बारकाईनं कागद बघणारा माणूस आता राहिला नाही. त्या दिवशी पारा बेचाळीसवर होता आणि कावेरीबाईंनी बोलणं अर्ध्यातच सोडून डोळे मिटले.

याच आठवड्यात बालाजीनं एसी आणला. सकाळी मनात आलं, दुपारी दुकानात गेला, संध्याकाळी खोली गार. तीन स्टारचा होता. ना कोटेशन, ना चाचणी अहवाल. दत्तोपंतांनी लेबल वाचून वर्षाला किती युनिटं फुकट जाणार ते बालाजीला सांगितलं. त्याची बायको सविता तोवर पदर खोचून कावेरीबाईंना हाताला धरून घेऊन आली होती.

तेव्हापासून कावेरीबाई दुपारी बारा ते पाच सवितेकडे. दोघी शेंगा फोडत, गप्पा मारत, आणि मग कावेरीबाई सवितेच्या पलंगावर झोपून जात. आडव्या होऊन. आठ-दहा दिवसांत पायांची सूज उतरली. चेहऱ्यावर तजेला आला. एके दिवशी दत्तोपंत त्यांना बोलवायला गेले, तर भिंतीपलीकडून हसणं ऐकू आलं. हे हसणं आपल्या घरात शेवटचं कधी ऐकलं, ते त्यांना आठवेना. यानं त्यांना आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही. पण दुसऱ्या सकाळी बागेतल्या बाकावर एका माजी अधिकाऱ्यानं सगळ्यांसमोर म्हटलं, काय दैठणकर, मंडळींची सोय शेजारी झाली म्हणे, तुमची मंजुरी कुठवर आली? सगळे हसले. ज्या माणसाच्या कपाटात लेखापरीक्षकाला काही सापडलं नाही, त्याच्या बायकोला दुसऱ्याच्या तीन स्टारमध्ये झोपावं लागतं, हे साऱ्या बागेला ठाऊक होतं. दत्तोपंतांच्या ते फार जिव्हारी लागलं.

दुपारी त्यांनी कावेरीबाईंना समोर बसवलं.

"आजपासून तिकडं जायचं नाही. लोक बोलायलेत. अर्ज नाव बदलून पुन्हा दिलाय, शनिवारपर्यंत तिसरं कोटेशनही येतंय, मग आपलाच लावू."

"तवर मी काय करू?"

"चारच तर दिवस आहेत."

कावेरीबाई "बरं" म्हणाल्या. चाळीस वर्षं त्या हेच म्हणत आल्या होत्या. त्यांनी भांडायला हवं होतं. ताट आदळायला हवं होतं, मानवतला भावाकडे निघून जायला हवं होतं, निदान त्या मेल्या तक्त्याचे तुकडे करायला हवे होते. यातलं काहीही केलं असतं, तर ही गोष्ट नुसती हसण्यावारी गेली असती.

पारा चव्वेचाळीसवर गेला. सविता दारात येऊन दोनदा बोलावून गेली. तिसऱ्यांदा आली ती थेट दत्तोपंतांकडेच, आणि काकूंचं आम्हाला काय ओझं व्हायलंय का, असं तिनं विचारलं. दत्तोपंतांनी अत्यंत सभ्य शब्दांत तिचे आभार मानले आणि प्रश्न ओझ्याचा नसून तत्त्वाचा असल्याचं सांगितलं. आतून कावेरीबाई हसून म्हणाल्या, शनिवारी येतोय आमचा, तू बसायला ये. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. गुरुवारी दुरुस्तीसाठी म्हणून दुपारभर लाइट नव्हती. दत्तोपंत पुठ्ठ्यानं वारा घालत राहिले आणि पाणी मापाचंच देत राहिले, कारण मापाचं द्या असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

शुक्रवारी तिसऱ्या दुकानदाराचा फोन आला, की लेटरहेड छापून आलेत, माणूस उद्या पाठवतो. दत्तोपंतांना उद्यापर्यंत दम निघेना. डोक्याला उपरणं गुंडाळून ते भर बाराला सायकलवर निघाले आणि बंद लिफाफा घेऊनच परतले. तीन लिफाफे तीन बाजूंना मांडून त्यांनी फोडले, आकडे उतरवले, रेघा मारल्या. सगळं जुळलं. नव्या मुदतीचा पाच स्टार, आकडा उत्तम, टन बरोबर. असा निर्दोष तक्ता त्यांच्या हातून नोकरीतही झाला नव्हता. त्यांनी खाली सही केली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. मग दुसरी मारली. ते आत गेले तेव्हा कावेरीबाई जमिनीवर होत्या, अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठणठणीत, आणि त्या पालमच्या त्यांच्या आईशी काहीबाही बोलत होत्या, जी वारून तीस वर्षं झाली होती.

बालाजीनं गाडी काढली. दवाखान्यात बर्फाच्या पिशव्या लावल्या, सलाइन लावलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, गोळ्यांनी अंगातलं पाणी निघत होतं आणि उरलेलं उन्हानं ओढलं. मग त्यांनी विचारलं, एसी लावला नव्हता का?

"मंजुरीच्या टप्प्यात होता," दत्तोपंत म्हणाले.

त्यांनी हे ठरवून म्हटलं नव्हतं. चौतीस वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं. डॉक्टर आत गेले. सविता तिथंच बाकावर बसली होती, तिनं पदरात तोंड लपवलं.

शनिवारी बालाजीनं परस्पर चंद्रभान शेठकडून तक्त्यातला तोच एसी आणवला आणि त्याच दिवशी बसवून घेतला, काकू घरी येतील तर गार खोलीत येतील म्हणून. वाढीव भाराची मंजुरी आली नव्हती. काकू रविवारी सकाळी गेल्या. प्राचीला पुण्याहून यायला संध्याकाळ होणार होती, म्हणून तोवर त्यांना त्याच खोलीत ठेवलं. दारं बंद करून, सोळा अंशांवर. कुणीतरी यंत्राचं बटण दाबून आकडा आणखी खाली जातो का ते पाहिलं, आणि नाही जात म्हणून सोडून दिलं.

तिसऱ्या दिवसापासून भेटायला येणारे सुरू झाले. प्राचीनं सतरंजी त्याच खोलीत अंथरली होती, कारण बाहेर बसवत नव्हतं. एरवी माणसं भेटायला येतात ती दहा मिनिटं खाली मान घालून बसतात आणि उठतात. ही उठेनात. बाराला आलेली चारपर्यंत बसू लागली. अर्धा तास कावेरीबाईंच्या स्वभावाबद्दल बोलणं व्हायचं, मग कुणीतरी हळूच वर बघायचं आणि विचारायचं, हा किती स्टारचा? आणि दत्तोपंत सांगायचे. सोळाशे तास, मुदत, टन, सगळं ओळीनं. रडू न येता बोलता येईल असा तेवढा एकच विषय त्यांच्याकडे उरला होता. तेवढं बोलून झालं की ते भिंतीकडे बघत बसायचे. एकदा प्राची स्वयंपाकघरातून उठून आली आणि सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाली, बाबा, बास करा. ती परत आत गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

सहाव्या दिवशी भर दुपारी मानवतहून योगीराज आला. भांडार शाखेत दत्तोपंतांच्या हाताखाली अकरा वर्षं काढलेला, अजूनही साहेब म्हणणारा. डोळे पुसून झाल्यावर त्यानं सांगितलं, की त्याच्या आईचंही असंच झालंय. कडूबाईंच्या पायांवर सूज, झोपलं की दम, आणि डॉक्टर म्हणालेत एसी लावा. मग खालच्या आवाजात त्यानं विचारलं, वेळ बरी नाही, पण साहेबांनी केलेल्या तक्त्याची एक झेरॉक्स मिळाली असती तर बरं झालं असतं.

"डॉक्टर कधी बोलले?" दत्तोपंतांनी विचारलं.

"झाले की पंधरा दिवस. पण मी घाई न्हाई करायलो, साहेब. तुमच्याच हाताखाली शिकलो. मानवतमधली दोन कोटेशनं आलीत, तिसरं आलं की तक्ता करतो आन् मगच."

त्यानं हे अभिमानानं सांगितलं. शिष्यानं गुरूला सांगावं तसं. दत्तोपंत भिंतीला हात टेकून उठले. त्यांनी चपला घातल्या. प्राची आडवी आली. सुतक आहे, दहावा व्हायचाय, या उन्हात कुठं निघालात, असं ती विचारत राहिली. बसलेली माणसंही उठून उभी राहिली. योगीराजची मोटारसायकल दारात होती, तिच्या मागच्या सीटवर जाऊन दत्तोपंत बसले आणि चल म्हणाले.

सुतकातला माणूस दुकानाची पायरी चढताना बघून चंद्रभान शेठ गल्ल्यावरून उठलाच. त्यानं पाणी मागवलं, खुर्ची पुढे केली. दत्तोपंत बसले नाहीत. दारातून शिरल्यावर जो पहिला एसी दिसला त्याच्यापाशी जाऊन त्यांनी सांगितलं, की हा आत्ता मानवतला पाठवायचा, बसवणारा माणूस गाडीसोबतच पाठवायचा.

शेठ गोंधळला. योगीराज त्याहून जास्त गोंधळला. साहेबांचं दुःखानं डोकं फिरलंय, असं त्याला वाटलं असावं. त्यानं समजुतीच्या आवाजात म्हटलं, साहेब, निदान किती स्टारचा ते तर बघू द्या, आणि खिशातून डायरी-पेन काढून तो लेबल वाचायला वाकला.

दत्तोपंतांनी लेबलवर तळहात ठेवला.

"वाचू नकोस," ते म्हणाले. "तुझी आई जिती आहे."

आवाज फुटला तो इथं. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही, चंद्रभान शेठच्या दुकानात, चार गिऱ्हाइकांच्या देखत. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि नाक गळत होतं, पण ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. योगीराजनं डायरी मिटली. शेठनं टेम्पोवाल्याला फोन लावला. टेम्पो यायला पाऊण तास लागला, आणि तेवढा वेळ दत्तोपंत लेबलवर हात दाबून तसेच उभे होते.